रंगीत 'पीकॉक मँटिस श्रिंप' राहतो कुठे? फिशटँकसाठी मागवण्याआधी वाचा!

हिरवे अंग, नारिंगी पाय, बाजूला बिबट्यासारखे ठिपके... हा 'पीकॉक मँटिस श्रिंप'. नावात श्रिंप असले तरी ही कोळंबी नव्हे. याचा गट वेगळा, स्टोमॅटोपॉडा. लांबी ३ ते १८ सेंमी. पण शंख-शिंपले फोडणारा ठोसा ताशी सुमारे ८० किमी वेगाचा! हिंदी-प्रशांत महासागरात ३ ते ४० मीटर खोलीवर, प्रवाळाच्या पायथ्याशी रेतीत इंग्रजी 'यू'सारखे बीळ करून तो राहतो.

रील पाहून सातारा-सांगलीतल्या घरच्या टँकसाठी मागवायचा विचार असेल, तर थांबा. कृष्णेचे असो वा बोअरचे, गोडे पाणी त्याला जीवघेणे. खाऱ्या पाण्याचा टँक केलात, तरी सोबतचे खेकडे-मासे तो शिल्लक ठेवेलच असे नाही. पातळ काचही तडकू शकते.