धक्का तोच, मूठ वेगळी

गतीच्या नियमांचे प्रकरण शिकवताना शाळेत बंदुकीचे एक गणित हमखास येते. गोळीचे वस्तुमान दिलेले, तिचा वेग दिलेला, बंदुकीचे वस्तुमान दिलेले; बंदुकीचा प्रतिक्षेप वेग काढा. संवेग अक्षय्यतेचा नियम लावला की उत्तर दोन ओळींत येते. त्या गणितातली बंदूक मात्र हवेत तरंगत असते. ती धरणारा हात हिशेबात घेतला की गणित लांबते आणि फार रंजक होते. ताकदवान रिव्हॉल्व्हर हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. रायफलीला खांद्याचा आधार असतो; रिव्हॉल्व्हरचा सगळा भार दोन तळहातांवर येतो.

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातले एल्मर कीथ गुरांची रँच चालवणारे, शिकारी आणि बंदुकांवर लिहिणारे. जुन्या .४४ स्पेशल काडतुसात जास्त दारू भरून त्यांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि अशा जोरकस काडतुसासाठी कंपन्यांकडे पाठपुरावा केला. त्यातून स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी .४४ मॅग्नम तयार केले; १९५६ साली ते बाजारात आले. त्याची नेहमीची गोळी २४० ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेपंधरा ग्रॅम. ती सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. संवेग झाला ६.२ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. गोळीमागून जळलेल्या दारूचा वायूही बाहेर पडतो. दारू जेमतेम दीड ग्रॅम, पण वायूचा वेग गोळीच्या जवळपास तिप्पट, म्हणून संवेगात आणखी १.८ची भर पडते. एकूण ८. रिव्हॉल्व्हर १.३५ किलोचे असेल, तर ते सेकंदाला सहा मीटर वेगाने हातात मागे घुसते. तेच रिव्हॉल्व्हर सहा फुटांवरून तळहातावर सोडले, तर ते याच वेगाने येऊन आदळेल. ऊर्जा सुमारे २४ ज्यूल. पोलिसांनी अनेक वर्षे वापरलेल्या .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरची ऊर्जा याच हिशेबाने चार ज्यूलच्या आसपास येते.

या गणितात संवेग काडतूस ठरवते. मूठ लाकडाची लावा, रबराची लावा किंवा सोन्याची. त्या आठमधला एक अंशही कमी होत नाही. वजनाने मात्र प्रतिक्षेपाचा वेग आणि ऊर्जा बदलतात. .४४ मॅग्नमचेच हलक्या मिश्रधातूचे रिव्हॉल्व्हर जेमतेम ७०० ग्रॅमचे मिळते. कमरेला दिवसभर वागवायला ते सोयीचे, पण त्याचा प्रतिक्षेप वेग सेकंदाला ११ मीटरवर जातो आणि ऊर्जा ४५ ज्यूलपर्यंत. उलट २००३ साली आलेल्या .५०० मॅग्नमचा संवेग जवळपास दुप्पट, म्हणून त्याचे लांब नळीचे रिव्हॉल्व्हर मुद्दाम दोन किलोंचे बनवले गेले. आपल्याकडचे उदाहरण नेमके दुसऱ्या टोकाचे आहे. कानपूरला बनणारे ‘निर्भीक’ फक्त अर्ध्या किलोचे, तरी हाताला झेपते, कारण त्याचे .३२ काडतूस सौम्य आहे. धक्का तीन ज्यूलच्या आतबाहेरच राहतो.

हलकेपणाची किंमत हाताखेरीज काडतुसालाही मोजावी लागते. रिव्हॉल्व्हर झटक्याने मागे येते, त्याबरोबर सिलिंडरमधल्या उरलेल्या काडतुसांची पितळी कवचे मागे खेचली जातात. त्यांच्या तोंडातली जड गोळी मात्र जडत्वामुळे जागीच राहू पाहते. कवचाची कड गोळीवर घट्ट दाबलेली नसेल, तर दोन-चार बारांनंतर गोळी कवचातून पुढे सरकते, सिलिंडरच्या बाहेर डोकावते आणि सिलिंडर फिरायचेच थांबते.

धक्का सरळ मागे येत नाही, हा पुढचा पेच. बहुतेक रिव्हॉल्व्हरमध्ये सर्वांत वरच्या खान्यातले काडतूस उडते, त्यामुळे नळी मुठीच्या बरीच वर असते. जोर वरून मागे, आधार खाली. साहजिकच नळीचे तोंड वर उसळते. गोळी नळीत असते तो काळ मिलिसेकंदाच्या आसपासचा, पण तेवढ्यातही नळी किंचित उचललेली असते. म्हणून जास्त वेळ नळीत रेंगाळणारी जड, संथ गोळी जवळच्या लक्ष्यावर हलक्या, वेगवान गोळीपेक्षा वर लागते. हे सांभाळायला पुढची साइट उंच ठेवतात. मोठ्या रिव्हॉल्व्हरवर नेम धरलेला असताना बाजूने नीट पाहिले, तर नळी लक्ष्याच्या थोडी खाली रोखलेली दिसते. इटालियन रचनाकार एमिलिओ गिझोनी यांनी या पेचाच्या मुळालाच हात घातला. त्यांच्या रचनेवरून तयार झालेल्या कियाप्पा रायनो रिव्हॉल्व्हरमध्ये सर्वांत खालच्या खान्यातले काडतूस उडते. नळी मुठीच्या जवळ येते आणि उसळी कमी होते.

आता हात. संवेग ठरलेला असला, तरी तो किती वेळात आणि किती जागेवर घ्यायचा हे आपल्या हातात असते. बांधकामावर खालून भिरकावलेली वीट वरचा माणूस झेलतो, तेव्हा तो हात विटेबरोबर थोडा मागे नेतो. वेळ वाढला की जोर कमी लागतो. रिव्हॉल्व्हर धरताना कोपर किंचित सैल आणि मनगट ठाम ठेवतात ते याचसाठी. कोपर ताठ असले की धक्का थेट खांद्याच्या सांध्यात जातो. मनगट ढिले असले की नळी कपाळाच्या दिशेने येते.

वेळेचे काम कोपर करते, तर जागेचे काम मूठ. १८७३च्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मीची मूठ नांगराच्या रुमण्यासारखी वळणदार होती. बार उडाला की ती तळव्यात वर गडगडायची आणि धक्क्याचा काही भाग त्या फिरण्यात जिरायचा. त्या काळच्या काडतुसांना ती पुरली. त्याच वळणाच्या मुठीवर मॅग्नम काडतूस आले, तेव्हा चापाच्या लोखंडी कड्याची मागची बाजू मधल्या बोटाच्या सांध्यावर आदळू लागली. बिझ्ली नावाची मूठ मागून जास्त सरळ असते; ती हातात कमी फिरते, म्हणून जोरकस काडतुसांना अनेकांना ती मानवते. सुरुवातीच्या .४४ मॅग्नमची लाकडी मूठ दिसायला देखणी, पण तिच्या पाठीवर पोलादाची अरुंद पट्टी उघडीच होती. सगळा धक्का त्या पट्टीतून अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचकीत उतरायचा. पुढे रबरी मुठी आल्या. पोलादी पाठ झाकणारी जाड रबरी मूठ दोन्ही कामे करते: दबताना काही क्षणांश वाढवते आणि भार तळव्यावर पसरवते.

तरीही जाड मूठ म्हणजे चांगली मूठ, असे गणित नाही. पाठीवरच्या रबरामुळे चाप हातापासून दूर जातो. तर्जनीचे पहिले पेर चापावर आरामात टेकले पाहिजे आणि त्याच वेळी नळी मनगट ते कोपर या भागाच्या सरळ रेषेत राहिली पाहिजे. लहान पंजाचा माणूस चापापर्यंत पोहोचायला मूठ हातात तिरकी फिरवतो आणि धक्का अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर येतो. बेचकीतला मऊ स्नायू जे सोसतो, ते या सांध्याला सोसत नाही. अशा हाताला बारीक, गुळगुळीत लाकडी मूठ जाड रबरापेक्षा जास्त सुखाची ठरू शकते. टोकदार नक्षीची मूठ दुकानात घट्ट बसल्यासारखी वाटते. वीस-पंचवीस बारांत ती कातडी सोलते. दुसरा हात मुठीभोवतीच हवा. सिलिंडर आणि नळी यांच्यातल्या बारीक फटीतून तप्त वायू धारदारपणे बाहेर पडतो; .५०० मॅग्नमच्या फटीशी अंगठा गेला, तर गंभीर इजा होते.

हाताइतकाच मेंदूही धक्का लक्षात ठेवतो. दुखणाऱ्या मुठीने काही बार काढले की शरीर पुढच्या बाराआधीच अंग चोरू लागते: डोळे मिटतात, मनगट खाली ढकलले जाते. हे ओळखायला प्रशिक्षक सिलिंडरमध्ये मध्येच नकली काडतूस भरून देतात. घोडा नुसताच टक्‌कन पडतो, धक्का येतच नाही, तरी नळीचे तोंड झपकन खाली जाते. धाकाने केलेली ही हालचाल नुसत्या डोळ्यांना दिसते. तिच्यावर धाडसाचा उपाय लागू पडत नाही. सौम्य काडतुसांपासून सुरुवात, कानांवर दुहेरी संरक्षण, थोडेच बार आणि हाताला बसणारी मूठ, एवढ्यानेच ती सुटते.

२०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांच्या प्रकारातले .२२ काडतूस अगदी सौम्य असते. तरीही त्या प्रकारातले नेमबाज लाकडी मूठ स्वतःच्या पंजानुसार कानशीने घासून, लांबी भरून घडवतात. धक्का नगण्य असूनही, दर वेळी हात त्याच जागी बसावा म्हणून. धक्का प्रचंड असतो तिथे तर या काळजीला पर्यायच नाही.

रस्ता फोडणारा ब्रेकर दिवसभर धरणाऱ्या कामगाराच्या बोटांना मुंग्या येतात, पुढे ती बधिर आणि पांढरी पडतात. तिथेही नियम हाच लागू आहे: यंत्राचा धक्का टळत नसेल, तर तो जास्त वेळात आणि जास्त जागेवर घ्यायला हवा, आणि मूठ धरणाऱ्याच्या मापाची हवी. शिकारीच्या हौसेसाठी माणसाने रिव्हॉल्व्हरच्या मुठीवर शतकभर डोके लढवले. रोजगारासाठी धक्के खाणाऱ्या हातांनाही त्या विद्येचा तेवढाच हक्क आहे, आणि अवजारे विकत घेणाऱ्यांनी किमतीबरोबर मूठही तपासायला हवी.