चिपाडात दडलेले रसायन

तुम्ही ऊस खाल्ला असेलच. दातांनी साल काढायची, कांडे चावायचे, रस गिळायचा आणि चोथा थुंकून टाकायचा. साखर कारखानाही हेच करतो. फक्त दातांऐवजी त्याच्याकडे मोठे लोखंडी रूळ असतात. एक टन ऊस गाळला, की सुमारे ३०० किलो ओला चोथा उरतो. त्याला चिपाड किंवा बगॅस म्हणतात.

अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. येथील प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. पुढे जिल्ह्यात असे अनेक कारखाने निघाले आणि चिपाडाचे ढीगही वाढले.

हे चिपाड बहुतेक बॉयलरमध्ये जाळले जाते. त्यातून वाफ आणि वीज मिळते. पण जळते नेमके काय? कोरड्या चिपाडाचा साधारण पाचवा भाग लिग्निन असतो. सेल्युलोज हे वनस्पतीचे धागे. लिग्निन त्यांना घट्ट धरून ठेवते, जसे सिमेंट विटांना धरते. लिग्निन नसते, तर एवढा उंच ऊस ताठ उभा राहिला नसता. लॅटिन भाषेत लाकडाला 'लिग्नम' म्हणतात. तुम्ही उर्दूत ज्याला लकडी म्हणता, तिचा कठीणपणा बराचसा याच पदार्थामुळे येतो.

लिग्निनच्या प्रचंड रेणूत कार्बनच्या सहा अणूंची असंख्य कडी जोडलेली असतात. अशीच कडी असलेली रसायने रंग, औषधे आणि प्लास्टिक बनवायला लागतात. आज ती मुख्यतः खनिज तेलापासून मिळवतात. तेल जमिनीतून एकदा काढले की संपले. ऊस मात्र पुन्हा लावता येतो.

मग लिग्निन फोडत का नाहीत? कारण ते सोपे नाही. नुसती उष्णता दिली, तर सुटलेले तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि कोळशासारखा गाळ उरतो. येथे उत्प्रेरक कामाला येतो. सुपारी दगडाने ठेचली, तर तिचा चुरा होतो. अडकित्ता मात्र हवे तसे तुकडे करतो आणि स्वतः सुपारीत मिसळत नाही. उत्प्रेरकाचे काम काहीसे असेच असते. तो क्रिया सोपी करतो, पण स्वतः खर्च होत नाही. अडकित्त्याची धार जाते, तसा उत्प्रेरकही कधी कधी त्या गाळाने माखून निकामी होतो, हे मात्र खरे!

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. परेश ढेपे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर संशोधन केले. त्यांनी घन आम्ल उत्प्रेरक वापरून सुमारे २५० अंश सेल्सिअस तापमानाला लिग्निनचे लहान रेणू मिळवले. घन उत्प्रेरकाचा फायदा असा, की तो गाळून वेगळा करता येतो आणि पुन्हा वापरता येतो. नॉर्वेतील बोरेगार्ड कंपनी तर कित्येक वर्षांपासून लाकडातील लिग्निनपासून व्हॅनिलिन बनवते. आइस्क्रीमला व्हॅनिलाचा वास येतो, तो याच रसायनाचा.

तरी आपल्या कारखान्यांपुढे एक अडचण आहे. चिपाडातील सर्वांत जास्त उष्णता देणारा भाग लिग्निनच असतो. तो काढून घेतला, तर बॉयलरमध्ये काय घालायचे? दुसरे इंधन विकत घ्यावे लागले, तर त्याचा खर्च शेवटी उसाच्या भावातूनच वजा होणार. म्हणून लिग्निनपासून मिळणाऱ्या रसायनाची किंमत त्या उष्णतेच्या किमतीपेक्षा जास्त असली, तरच शेतकऱ्याच्या हाती दोन पैसे अधिक पडतील. प्रयोगशाळेतील काचेच्या भांड्यात जमलेले काम कारखान्याच्या टाकीत त्याच खर्चात जमवणे अजून बाकी आहे.