संडासचे भांडे बदलताना दुकानात काय विचाराल?



गेल्या उन्हाळ्यात पाबळच्या बाजूला आम्ही एका घरी गेलो होतो. लहान नातवाला महिन्यात तिसऱ्यांदा जुलाब लागले म्हणून आजींनी निरोप धाडला होता. अंगणात संडास होता. नवे पांढरेशुभ्र भांडे, भोवती टाइल. पण दाराला बाहेरून कडी आणि आत सरपणाची मोळी रचलेली. आम्ही विचारले तेव्हा आजी म्हणाल्या, "जुनं भांडं तडकलं म्हणून पोरानं नवं आणलं. पण त्याला एका वेळेला बादलीभर पाणी लागतं, लेकरांनो. टँकर येतो चार दिवसांनी. ते पाणी प्यायला ठेवू का त्यात ओतू?" घरातल्या बायका पुन्हा अंधार पडायची वाट बघू लागल्या होत्या आणि नातू ओढ्याच्या कडेला बसत होता.

भांडे चांगल्या कंपनीचे होते. दुकानदाराने फसवले नव्हते आणि गवंड्याने कामात कुचराई केली नव्हती. चूक एवढीच की ते भांडे त्या घरासाठी नव्हते. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या अनेक वस्त्यांवर आम्हाला हाच प्रकार दिसतो, म्हणून या वेळचे आरोग्य पान संडासच्या सुट्या सामानाला दिले आहे.

स्वच्छ भारत मिशन 2 ऑक्टोबर 2014 रोजी सुरू झाले. 12 हजार रुपयांच्या प्रोत्साहन अनुदानातून आपल्या वस्त्यांवर बरेच संडास उभे राहिले. ते बांधकाम आता जुने होत आले आहे. भांडी तडकली, पाइप उन्हाने कडक झाले, खड्डे भरले. अनुदान बांधण्यासाठी होते, दुरुस्ती मात्र ज्याच्या त्याच्या खिशातून. म्हणून पैसे एकदाच जावेत आणि योग्य वस्तूवर जावेत.

आधी भांड्याविषयी. शोषखड्ड्याच्या संडासाला जे भांडे बसवतात त्याला दुकानात रुरल पॅन म्हणतात. त्याचा तळ तीव्र उताराचा असतो, साधारण 25 ते 28 अंशांचा. त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात मैला घसरून जातो. शहरी घरांत दिसणारे देशी भांडे, ज्याला दुकानदार ओरिसा पॅन म्हणतो, ते पसरट असते. त्याला टाकीच्या फ्लशचा जोर किंवा आठ-दहा लिटर पाणी हवे. पाच माणसांच्या घरात प्रत्येकाने दिवसातून एकदा जायचे धरले तरी एका भांड्याला दहा लिटर पुरतात आणि दुसऱ्याला पन्नास लागू शकतात. पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईच्या पट्ट्यात उन्हाळ्यात हा फरक म्हणजे वापरातला संडास आणि सरपणाची खोली यांतला फरक आहे.

भांड्याइतकाच महत्त्वाचा त्याखालचा ट्रॅप, म्हणजे वळण घेतलेला तुकडा. त्यात कायम थोडे पाणी साठून राहते. तेवढे पाणी खड्ड्यातला वास, माश्या आणि झुरळे वर येऊ देत नाही. त्याला वॉटर सील म्हणतात. रुरल पॅनच्या ट्रॅपमध्ये ही पाण्याची अडवणूक 20 मिलिमीटरची असते, म्हणजे बोटाच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त. शहरी ट्रॅपमध्ये ती 50 मिलिमीटर असते. 50 चा ट्रॅप रुरल पॅनला जोडला तर पॅनचा उतार वाया जातो, कारण तेवढे पाणी ढकलायला पुन्हा बादली लागते. म्हणून भांडे आणि ट्रॅप जोडीनेच घ्यावेत, आणि दुकानातच एकमेकांत बसवून पाहावेत.

उलट बाजूही सांगतो. शिरूर शहरात किंवा दौंडला रेल्वे स्टेशनच्या आसपास राहणाऱ्या, नळाचे पाणी आणि सेप्टिक टँक किंवा गटार असलेल्या घरांनी 50 मिलिमीटरचाच ट्रॅप घ्यावा. तिथे पाइपात वायूचा दाब जास्त असतो, 20 चे सील तुटते आणि घरभर वास सुटतो. घर महिनाभर बंद राहणार असेल तर कोणत्याही ट्रॅपमधले पाणी सुकू शकते. परत आल्यावर आधी तांब्याभर पाणी ओतावे, मग खिडकी उघडून थोडे थांबावे.

भांडे कशाचे घ्यावे? परवडत असेल तर सिरॅमिकचे. प्लास्टिकचे हलके आणि स्वस्त असते, पण ताराच्या ब्रशने त्यावर चरे पडतात आणि त्या चऱ्यांत मैला धरतो. घ्यायचेच तर मऊ ब्रश वापरावा. सिरॅमिकचे भांडे घेताना त्यावर आयएस 2556 चा शिक्का पाहावा आणि बोटाच्या पेराने टकटक करावे. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर आत तडा असण्याची शक्यता आहे. मडके घेताना आपल्या आया-आज्या हेच करायच्या.

आता पाइप. आपला भाग उसाचा. शेतात ठिबकच्या आणि पाइपलाइनच्या कामातले तुकडे पडलेले असतात आणि गवंडी म्हणतो, "आहे ना घरचा, कशाला विकत घेता?" तो तुकडा 75 मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर अजिबात वापरू नका. उन्हात दोन-चार वर्षे पडलेला पाइप ठिसूळ झालेला असतो, तोही नको. संडाससाठी एसडब्ल्यूआर नावाचा वेगळा पाइप मिळतो. त्याच्या अंगावर आयएस 13592 छापलेले असते. त्यातही दोन प्रकार असतात. टाइप ए पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या नळीसाठी, टाइप बी मैल्याच्या पाण्यासाठी. टाइप बी जाड असतो आणि अर्थातच महाग. दुकानात नुसते "चार इंची द्या" म्हटले की बहुधा स्वस्तातला हातात येतो. छापलेली अक्षरे वाचून घ्या, चष्मा विसरला असेल तर शाळेत जाणारे पोर सोबत न्या.

कमी पाण्याच्या संडासाला पाइपचा उतारही जास्त लागतो. पंधरा फूट लांबीला एक फूट उतार हा हिशोब ठेवावा. काटकोनाचा एल्बो टाळावा, तिथेच तुंबते. वळण द्यावेच लागले तर 45 अंशांचे दोन बेंड घालावेत.

फ्लशची टाकी असलेल्या घरांची तक्रार वेगळी असते. "टाकी गळते, काय बदलू?" असा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. आधी तपासा, मग खरेदी करा. टाकीत कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात निळे पाणी उतरले तर टाकीच्या तळातल्या फ्लश व्हॉल्व्हचे रबर गेले आहे. पाणी चढून मधल्या उभ्या नळीच्या तोंडातून आत सांडत असेल तर पाणी भरणारा व्हॉल्व्ह, म्हणजे फुग्याचा बॉलकॉक, खराब आहे. दोन्ही बिघाडांत भांड्यात पाणी झिरपत राहते, पण सामान वेगळे लागते. अख्खा सेट बदलायची गरज फार कमी वेळा पडते.

हे झिरपणे किरकोळ वाटते. दोन मिनिटांत दोनशे मिलिलिटरचा पेला भरेल एवढी धार असेल तर दिवसाला 144 लिटर पाणी जाते. सात-आठ हंडे!

बोअरचे पाणी क्षाराचे असले की रबर कडक होते आणि बॉलकॉकच्या बारीक भोकात पांढरी पुटे धरतात. तो तुकडा काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात ठेवा. कित्येकदा तेवढ्याने काम भागते. नवा घ्यायचा झाला तर जुना सुटा करून पिशवीत घालूनच दुकानात जा. मोबाइलवर टाकीच्या आतला फोटो काढा. दुकानदार विचारेल, "ताई, पाणी बाजूने येतं का खालून?" हे घरीच पाहून ठेवा, कारण दोन्हींचे व्हॉल्व्ह वेगळे असतात आणि पेटी फोडल्यावर परत घेत नाहीत.

बसवताना दोन गोष्टी. अँगल कॉकच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळावी. कनेक्शन पाइपच्या टोकाला मात्र आत रबरी वॉशर असतो, तिथे टेप लागत नाही. आणि प्लास्टिकचा नट हाताने घट्ट होतो तेवढा पुरे. पान्याने आवळण्याच्या हौसेत कित्येकांच्या टाकीचे कान तुटले आहेत. आमच्यापैकी एकाचेही.

गुडघे दुखतात म्हणून वयस्कर आई-वडिलांसाठी बरीच घरे आता कमोड बसवतात. ही चांगली गोष्ट आहे. पण भिंतीपासून जमिनीतल्या भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजल्याशिवाय कमोड आणू नये. बाजारात जमिनीत सोडायचे कमोड साधारण 4, 9 आणि 12 इंचांच्या अंतराचे मिळतात. टाइल लावायची असेल तर टाइलच्या पृष्ठभागापासून मोजायचे, नाहीतर अर्ध्या-पाऊण इंचासाठी कमोड भिंतीला टेकतो. कमोडच्या शेजारी स्टीलची दांडी लावा. ती नुसत्या प्लास्टरमध्ये नको, विटेत खोल भोक पाडून लावा आणि आधी घरातल्या धडधाकट माणसाने पूर्ण वजन टाकून पाहावे. आईच्या हातात दांडी उपटून आली तर ती नसती तर बरे, अशी वेळ येते.

विहारातल्या शौचालयाचे सामान निवडताना मात्र घरचा हिशोब चालत नाही. 14 एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला एका दिवसात शेकडो माणसे येतात. तिथे फ्लशची टाकी आणि जेट स्प्रे न लावता रुरल पॅन, धातूचा नळ, साखळीने बांधलेला मग आणि बाहेर साबण, एवढे साधे सामान जास्त टिकते असा आमचा अनुभव आहे.

सफाईच्या सामानाबद्दल एक इशारा. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि लहानशा बंद संडासात तो फुफ्फुसाला इजा करतो. शोषखड्ड्याच्या संडासात फिनेल आणि ॲसिड फार वापरले तर मैला कुजवणारे जिवाणूच मरतात. साधी पावडर आणि ब्रश पुरे.

शेवटी खड्डा, कारण भांडे बदलण्याच्या निमित्ताने गवंडी चेंबर उघडतोच. दोन खड्ड्यांच्या संडासात चेंबरमधून एका वेळी एकाच खड्ड्याकडे वाट हवी, दुसरे तोंड वीट-मातीने बंद हवे. बऱ्याच ठिकाणी दोन्ही तोंडे उघडी दिसतात. मग दोन्ही खड्डे एकदम भरतात आणि आतला मैला ओला राहतो. एका खड्ड्याला किमान वर्ष, शक्यतो दोन वर्षे विश्रांती मिळाली तर आत वास नसलेले, मातीसारखे खत तयार होते. एक मीटर रुंद आणि साधारण चार फूट खोल खड्डा पाच माणसांना तीनेक वर्षे पुरतो. "पंधरा फूट खणू, जन्मभर बघायला नको" हा सल्ला ऐकू नका. खोल खड्डा भूजलाजवळ जातो. विहीर किंवा बोअर किमान 10 मीटर लांब हवी आणि आपल्याकडच्या भेगाळ खडकात त्याहून लांब असेल तर उत्तम. भीमेकाठच्या काळ्या मातीत पाणी मुरत नाही, तिथे खड्ड्याभोवती वाळूचा थर द्यावा. आंघोळीचे पाणी त्यात सोडू नये.

खड्ड्याचे बांधकाम किती महत्त्वाचे असते याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. देहूत डॉक्टर म्हणून आलेल्या डॉ. सुहास मापुसकर यांनी 1960 च्या दशकात गावात शौचालये बांधायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या काही शौचालयांची पावसाळ्यात पडझड झाली. ते खचले नाहीत, रचना शिकून घेत आणि सुधारत राहिले आणि पुढे आयुष्यभर हेच काम केले. 2017 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

सेप्टिक टँक असेल तर तो दोन-तीन वर्षांनी सक्शन टँकर बोलावूनच उपसून घ्या. त्याच्या हवेच्या नळीला जाळी बांधा, नाहीतर क्युलेक्स डास तिथेच वाढतात. झाकण उघडताना काडी पेटवू नका. कोणी "पाचशे रुपये द्या, मी उतरतो" म्हणाला तर त्याला उतरू देऊ नका, मग तो कितीही सराईत असो. आतल्या हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते, वासच येत नाही आणि माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. या टाक्यांत मेलेली माणसे बहुतेक कोणत्या घरांतली असतात हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. हाताने मैला साफ करायला लावण्यास बंदी घालणारा 2013 चा कायदा 6 डिसेंबर 2013 पासून लागू आहे. त्यानुसार सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणाऱ्याला, मग तो घरमालक का असेना, पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गटारात किंवा टाकीत मृत्यू झाल्यास कुटुंबाला 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितले आहे.

पाबळच्या त्या आजींच्या घरी पावसाळ्याआधी ओरिसा पॅन काढून उताराचा पॅन आणि 20 चा ट्रॅप बसवला. चेंबर उघडले तेव्हा तिथेही दोन्ही तोंडे उघडी होती. एक बंद केले आणि ज्या दिवशी केले ती तारीख दाराच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहून ठेवली. खाली नातवाने स्वतःचे नावही लिहिले आहे.