नव्या जागेतला परका

नोकरी बदलली की पहिल्याच दिवशी हजेरीपटावर नाव चढते. पण माणूस त्या जागेचा होतो केव्हा? दिवसा नोकरी करून शिकणाऱ्या आम्हां काही विद्यार्थ्यांना हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

आल्फ्रेड शुट्झ या समाजशास्त्रज्ञाने १९४४ साली ‘परका’ याच विषयावर निबंध लिहिला. तो स्वतः व्हिएन्नाचा. १९३८ साली ऑस्ट्रिया हिटलरच्या घशात गेला, शुट्झचा देश सुटला आणि १९३९ साली तो न्यूयॉर्कला आला. त्याच्या मते प्रत्येक समूहाजवळ पाककृतीसारखे तयार ज्ञान असते. साहेबांपुढे फाइल केव्हा न्यावी, चहाचे पैसे कोणी द्यावेत, हे जुन्यांना विचारावे लागत नाही. नवा मात्र ‘असे का?’ म्हणून विचारतो, आणि त्या विचारण्यानेच परका ठरतो. त्याला जे दिसते ते इतरांना दिसत नाही. म्हणूनच त्याच्या निष्ठेचा संशय येतो.

याचे बोलके उदाहरण शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात सापडते. १९३१-३२ साली तेथे एका खोलीतील १४ कामगारांचे निरीक्षण झाले. दिवसाकाठी किती काम करायचे हे त्यांनी आपापसांत ठरवलेले होते. जास्त करणारा वाईट, फारच कमी करणारा वाईट, आणि वर चुगली करणारा सर्वांत वाईट! चुकणाऱ्याच्या दंडावर गुद्दा बसे. दोघे तपासनीस दुसऱ्या खात्याचे, म्हणून मुळातच परके. त्यांतला एक थट्टामस्करीत मिसळला व त्यांच्यातला झाला. मागाहून बदलीवर आलेल्या दुसऱ्याने नियमांवर बोट ठेवले, तक्रार वर नेली. शेवटी त्याला ती खोली सोडावी लागली. (त्याचे काम वाईट होते म्हणून नव्हे, हे ध्यानात घ्यावे.)

‘गप्प राहावे, मिसळून जावे’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला मला म्हणूनच अर्धाच पटतो. समूह आपलेसे करतो तेव्हा आपल्याकडून काही मागतोही. चहाची वर्गणी मागितली तर आनंदाने द्यावी. पण चुकीच्या नोंदीकडे कानाडोळा मागितला तर? माझ्या सध्याच्या कचेरीत डबा खायला हाक यायला चार महिने लागले. तोवर कोणी वाईट वागले नव्हते. फक्त बाकावर जागा नसायची. हाक आली त्याच आठवड्यात एका सहकाऱ्याने, उशीर झाला तर त्याच्या नावापुढे सही करण्याविषयी सहज विचारले. मी नाही म्हटले. बाकावरची जागा अजून आहे. बोलणे मात्र थोडे कमी झाले आहे.