पलटणीचा ताळेबंद

सातारा-सांगलीला व्यावसायिक कबड्डीत स्वतःचा संघ नाही. म्हणून इकडचा प्रेक्षक बहुधा ‘पुणेरी पलटण’लाच आपली मानतो. हे ममत्व काहीसे भाबडे आहे. सांगली जिल्ह्यातील काशिलिंग आडके याच्या चढाया गाजल्या त्या दिल्लीच्या संघाकडून. लिलावाला गाव नसते.

२०१४ व २०१५ मध्ये पलटण गुणतक्त्याच्या तळाशी होती. पुढे तिचे दैव पालटले ते केवळ पैशाने नव्हे. नगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार, मोहित गोयत अशी होतकरू मुले अल्प मोबदल्यात घेऊन तिने वाढविली. २०२२ चा अंतिम सामना जयपूरने जिंकला. पुढच्या हंगामासाठी इराणचा शादलू २ कोटी ३५ लाखांना घेतला गेला. खर्चाची मर्यादा अवघी ५ कोटी! तरुण स्वस्त होते म्हणूनच हा महागडा सौदा झेपला, असे म्हणावे लागेल. १ मार्च २०२४ रोजी हरियाणाला २८-२५ असे नमवून पलटण अजिंक्य ठरली.

त्याच वर्षीच्या लिलावात शादलू हरियाणाकडे गेला आणि डिसेंबरात, पुण्याच्याच बालेवाडीत, हरियाणा अजिंक्य! अस्लम जायबंदी झाला होता. पलटण बाद फेरीसही मुकली. २०२५ मध्ये ती पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचली, परंतु दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली.

या उलाढालीत तालुक्याच्या मंडळाचा हिस्सा कोणता? आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये खेळाडूच्या हस्तांतर-रकमेतील ५ टक्के वाटा त्याला घडविणाऱ्या संस्थांसाठी राखलेला असतो. कबड्डीच्या लिलावातही तशी तरतूद करणे मुळीच अवघड नाही.