खेळाडू, मार्शल आणि घड्याळ



क्रिकेटच्या सामन्यात पंचाचे बोट वर गेले की फलंदाज मुकाट्याने तंबूची वाट धरतो. निर्णय त्यास मनातून पटलेला असो वा नसो, पंच हा त्या खेळाचाच एक घटक आहे हे त्याने पहिल्या दिवसापासून गृहीत धरलेले असते. गोल्फचे तसे नाही. हा खेळ जगभर बहुतेक माणसे पंचावाचूनच खेळतात. म्हणूनच की काय, त्या विस्तीर्ण हिरव्या मैदानावर छोट्याशा गाडीतून एक गृहस्थ येऊन उभे राहतात, मनगटावरील घड्याळाकडे पाहतात आणि ‘जरा पाय उचला’ असे सुचवितात, तेव्हा एरवी सौम्य असलेल्या माणसाच्याही कपाळावर आठी चढते. या गृहस्थांना मार्शल म्हणतात. अमेरिकेत कोठे कोठे रेंजर असेही म्हणतात. खेळाडू आणि मार्शल यांच्यातील ही कुरबूर कशातून उत्पन्न होते, तीत कोणाचे कितपत चुकते आणि नियम याविषयी काय सांगतात, याचा आज थोडा विचार करू.

आपल्यापैकी पुष्कळांनी हा खेळ दुरूनच पाहिला असेल. बडोद्यास लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात आणि हैदराबादेस गोवळकोंड्याच्या किल्ल्यालगत त्याची मैदाने आहेत. कलकत्त्याचा १८२९ साली स्थापन झालेला गोल्फ क्लब तर ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना मानला जातो. खेळाचे स्वरूप थोडक्यात असे: ‘टी’ नामक जागेवरून चेंडू टोलवावयाचा, कापलेल्या गवताच्या लांब पट्ट्यावरून तो पुढे न्यावयाचा आणि शेवटी ‘ग्रीन’ या गुळगुळीत हिरवळीवरील एका लहानशा खळग्यात घालावयाचा. गोट्यांच्या खेळातील गलीची आठवण व्हावी असाच हा खळगा. त्यास होल म्हणतात, आणि टीपासून खळग्यापर्यंतच्या साऱ्या टप्प्यासही होलच म्हणतात. असे अठरा होल मिळून एक फेरी. कमीत कमी फटक्यांत ती पुरी करील तो विजयी.

बहुधा चौघांची एक तुकडी असते, आणि ठरावीक मिनिटांच्या अंतराने एकामागून एक तुकड्या सुटतात. पुढची तुकडी टप्प्याबाहेर गेल्यावाचून मागच्यांनी चेंडू मारावयाचा नाही. कारण तो टणक चेंडू कोणाच्या डोक्यात बसला तर प्राणावर बेतावयाचे. त्यामुळे घाटातील वाहनांच्या रांगेप्रमाणे येथेही एकाची गती ही मागच्या साऱ्यांची गती होऊन बसते.

या खेळाचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने लेखी नियम स्कॉटलंडमधील लीथ येथे १७४४ साली तयार झाले. ते अवघे तेरा होते. त्यांत पंचाचा उल्लेख नाही. चेंडू कोठे पडला, किती फटके झाले, आपल्या हातून नियमभंग झाला काय, हे खेळाडूने स्वतःच पाहावे आणि स्वतःच सांगावे, अशी या खेळाची रीत पडली. या रीतीचे सुप्रसिद्ध उदाहरण १९२५ सालचे आहे. अमेरिकन खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्स याचा चेंडू फटका मारण्यापूर्वी गवतात किंचित हलला. दुसऱ्या कोणीही ते पाहिले नव्हते. जोन्सने आपण होऊन एक फटका दंड मांडून घेतला. अखेरीस तो विली मॅकफार्लेन याच्याशी बरोबरीत आला आणि नंतरच्या निर्णायक खेळात हरला. तो एक फटका मांडला नसता तर निर्णायक खेळाची वेळच आली नसती.

आता प्रश्न असा की, फटक्यांच्या बाबतीत ज्याच्यावर इतका विश्वास टाकता येतो, त्याच खेळाडूवर मिनिटांच्या बाबतीत लक्ष ठेवण्यास माणूस का नेमावा लागतो? याचे उत्तर माणसाच्या अप्रामाणिकपणात नाही, तर त्याच्या दृष्टीच्या मर्यादेत आहे. आपला चेंडू हललेला आपल्याला दिसतो. आपला संथपणा मात्र आपल्याला दिसत नाही. दुसरा खेळाडू फटक्यापूर्वी चार वेळा हात फिरवून पाहतो तेव्हा आपण अस्वस्थ होतो. स्वतः आपण तसे करतो तेव्हा तो केवळ विचार असतो.

याचा एक साधा हिशेब पाहा. चार सामान्य खेळाडूंना फेरीत प्रत्येकी नव्वद फटके लागतात असे धरू. एकूण तीनशे साठ फटके झाले. प्रत्येकाने प्रत्येक फटक्यास केवळ दहा सेकंद अधिक घेतले, आणि ते एकामागून एक खर्च झाले, तर तीन हजार सहाशे सेकंद होतात. म्हणजे बरोबर एक तास! या तासाचा दोष कोणा एकाच्या माथी मारता येत नाही, कारण प्रत्येकाने फक्त दहाच सेकंद घेतलेले असतात. २०१९ साली नियमांची मोठी फेरमांडणी झाली, तीत याच कारणाने दोन गोष्टी आल्या. आपली पाळी आल्यावर चाळीस सेकंदांत, आणि शक्यतो त्याहूनही लवकर, फटका मारावा अशी शिफारस करण्यात आली. आणि हरवलेला चेंडू शोधण्याची मुदत पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आणण्यात आली.

दुसरा भ्रम याहून सूक्ष्म आहे. मार्शलने हटकले की खेळाडू मागे वळून पाहतो आणि म्हणतो, “आमच्यामागे तर कोणीच खोळंबलेले नाही.” परंतु रांगेतील आपले स्थान मागे पाहून ठरत नाही, पुढे पाहून ठरते. पुढच्या तुकडीच्या लगोलग मागे असणे हे आपले काम. पुढे एक संपूर्ण होल रिकामा पडला असेल, तर मागे कोणी दिसो वा न दिसो, आपण रेंगाळलो आहोत. उलट पुढची तुकडी समोरच उभी असेल आणि तिच्यापुढेही दुसरी खोळंबली असेल, तर आपल्याला घाई करण्यात काहीच अर्थ नाही.

आणि येथेच मार्शलची बाजू लंगडी पडते. त्याच्या हातात बहुधा एक कोष्टक असते: अमुक वाजता सुटलेली तुकडी अमुक वाजता अमुक होलवर असावी. समोरच्या चौघांना उशीर झाला आहे एवढे त्यास कळते. तो उशीर त्यांनी केला की त्यांना सोसावा लागला, हे कोष्टक सांगत नाही. ज्यांनी पाऊण तास रांगेत उभे राहून काढला त्यांनाच ‘तुम्ही मागे पडलात’ असे ऐकवावे, याहून चीड आणणारे दुसरे काय असणार!

पुष्कळदा हा उशीर मैदानावर उत्पन्नच होत नाही; तो नोंदणीच्या कचेरीत उत्पन्न होतो. काही होल इतके आखूड असतात की चांगला खेळाडू टीवरून एकाच फटक्यात ग्रीन गाठतो. त्यांस ‘पार तीन’ म्हणतात. लांब होलवर एकाच वेळी दोन तुकड्या, क्वचित तीनही, निरनिराळ्या टप्प्यांवर खेळू शकतात. पार तीनवर सामान्यतः एकच तुकडी मावते; ती ग्रीन सोडीपर्यंत मागच्यांना हातावर हात ठेवून बसावे लागते. समजा, अशा होलवर एका तुकडीस दहा मिनिटे लागतात, आणि अधिक पैसे यावेत म्हणून व्यवस्थापकाने दर आठ मिनिटांनी एक तुकडी सोडली. प्रत्येक तुकडीमागे दोन मिनिटे तुंबत जातात. दहाव्या तुकडीस अठरा मिनिटे थांबावे लागते, विसाव्या तुकडीस अडतीस. कोणीही आळस केलेला नाही, सर्वांनी नेमाने खेळ केला आहे, तरीही दुपारपर्यंत मैदान तुंबलेच. वेळापत्रकातील ही चूक मार्शलने गाडी कितीही पळविली तरी दुरुस्त होत नाही. यावर खरा उपाय म्हणजे तुकड्यांमधील अंतर वाढविणे, अथवा मधून मधून एखादी जागा मुद्दाम रिकामी ठेवणे. पण तसे केल्याने उत्पन्न घटते, आणि तो निर्णय मार्शलच्या हाती नसतो. तो बहुधा निवृत्त गृहस्थ असतो; अमेरिकेत तर पुष्कळ ठिकाणी पगाराऐवजी फुकट खेळावयास मिळते एवढ्यावरच तो हे काम पत्करतो. दुसऱ्याने केलेल्या वेळापत्रकाचा राग त्यास भर उन्हात झेलावा लागतो.

आता अधिकाराचा प्रश्न. येथे फार गोंधळ आढळतो. गोल्फच्या नियमांत ‘रेफरी’ म्हणजे पंच हा शब्द आहे. स्पर्धेची समिती त्याची नेमणूक करते आणि त्याचा निर्णय खेळाडूस पाळावाच लागतो. विनाकारण खोळंबा केल्यास पहिल्या खेपेस एक फटका, दुसऱ्या खेपेस दोन फटके आणि तिसऱ्या खेपेस स्पर्धेतून बाद, असा दंड फटके मोजून होणाऱ्या स्पर्धेसाठी नियमांत सांगितला आहे. मार्शल मात्र केवळ त्या पदामुळे पंच ठरत नाही. मैदानाच्या मालकाच्या वतीने तो आपणास पुढे सरकण्यास, मागच्यांना वाट देण्यास, फार झाले तर एखादा होल सोडून देण्यास सांगू शकतो. आणि मैदान त्यांचे असल्यामुळे ते ऐकणे प्राप्त असते. परंतु समितीने तसा अधिकार दिलेला नसेल तर तो फटक्यांचा दंड करू शकत नाही, किंवा चेंडू कोठून खेळावा याचा निवाडाही देऊ शकत नाही.

असा निवाडा देण्याचा मोह मात्र अनेकांना होतो, आणि कधी कधी तो जुन्या नियमांवर आधारलेला असतो. ग्रीनवरून मारलेला चेंडू खळग्यातील झेंड्याच्या काठीस लागला तर पूर्वी दोन फटके दंड होता. २०१९ पासून तो नाही. चेंडू शोधताना तो चुकून पायाने हलला तर आता दंड नाही. सवलतीचा चेंडू पूर्वी खांद्याच्या उंचीवरून सोडीत, आता गुडघ्याच्या उंचीवरून सोडतात. मार्शल जुने सांगतो आणि खेळाडू नवे, अथवा उलट, आणि दोघेही आवाज चढवितात. अशा वेळी वाद न घालण्याचा एक सुरेख मार्ग नियमांतच आहे. फटके मोजून होणाऱ्या स्पर्धेत शंका आल्यास खेळाडूने तो होल दोन चेंडूंनी पुरा करावा, कोणता चेंडू धरावयाचा ते आधी सांगून ठेवावे आणि गुणपत्रक देण्यापूर्वी सारी हकिकत समितीपुढे मांडावी. भांडणास जेवढा वेळ लागला असता त्याहून कमी वेळात प्रश्न सुटतो.

खऱ्या पंचाच्या घड्याळाचा अनुभव मोठमोठ्यांनाही आलेला आहे. २००९ साली ॲक्रन येथील स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी टायगर वुड्स आणि पाड्रिग हॅरिंग्टन यांची जोडी मागे पडली, तेव्हा पंच जॉन पॅरामोर यांनी सोळाव्या होलवर त्यांच्यावर घड्याळ लावले. एका फटक्याने पुढे असलेल्या हॅरिंग्टनचा तेथे तोल गेला, पाच फटक्यांच्या त्या होलवर त्याचे आठ झाले, आणि वुड्स जिंकला. जिंकणाऱ्या वुड्सनेच नंतर या घड्याळाविषयी नापसंती बोलून दाखविली. २०२३ साली फ्रान्समधील एव्हियन येथे कार्लोता सिगांदा हिला संथ खेळाबद्दल दोन फटके दंड झाला. तो तिला मान्य नव्हता. तिने दंड न मांडताच गुणपत्रकावर सही केली आणि ती स्पर्धेतून बाद झाली. दोन फटके कदाचित भरून निघाले असते. न मांडलेला दंड भरून निघत नाही.

रविवारी हौसेने खेळणाऱ्यास एवढ्या कठोरपणाची गरज नाही. त्याच्यासाठी उपाय सौम्य आहेत. जो तयार असेल त्याने आधी मारावे. पार तीनवर ग्रीनवरील चौघांनी आपापले चेंडू खूण करून उचलावेत, बाजूस व्हावे आणि मागच्यांना हाताने खुणावून टीवरून मारू द्यावे. ते चालत येईपर्यंत आपला होल उरकतो. मागची तुकडी वेगवान असेल तर तिला वाट द्यावी. जुन्या शिष्टाचारात एकट्या खेळाडूस कसलाच हक्क नसे; २००४ पासून संख्येपेक्षा गतीला मान देण्यात आला. आणि ज्याचा एखादा होल फारच बिघडला आहे त्याने स्टेबलफर्डची पद्धत स्वीकारावी. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांनी इंग्लंडमधील वॉलसी येथे १९३२ साली ती रूढ केली. तीत होलवार गुण मिळतात. गुण मिळण्याची आशा संपली की चेंडू खिशात टाकून पुढे चालू लागावे.

राहता राहिला बोलण्याचा प्रश्न. ‘तुम्ही फार हळू खेळता’ असे म्हणणारा मार्शल माणसावर ठपका ठेवतो. तोच जर म्हणाला, ‘पुढे एक होल मोकळा पडला आहे, तेवढे अंतर दोन होलांत भरून काढता येईल काय? मी चेंडू शोधावयास मदत करतो,’ तर त्याने वस्तुस्थिती सांगितली आणि हातही दिला. कोणी चेंडूवर नेम धरून उभा असताना त्याने गाडी थांबवावी, आणि जे सभासदास सांगावयाचे तेच पाहुण्यास सांगावे, एवढी पथ्ये पाळली तरी निम्मी कटुता जाईल. खेळाडूनेही उत्तर देण्यापूर्वी एकदा पुढे नजर टाकावी. पुढे रांग दिसत असेल तर ती मार्शलला शांतपणे दाखवावी आणि फेरी संपल्यावर कचेरीत जाऊन तुकड्यांच्या अंतराविषयी बोलावे. कारण ते अंतर ठरविणारा माणूस तेथे बसलेला असतो. आणि पुढे मैदान मोकळे दिसत असेल, तर बॉबी जोन्सने जसा आपला फटका मांडून घेतला, तशी आपली मिनिटेही आपण मांडून घ्यावीत आणि चालू लागावे.