साखरशाळा : उसाच्या वेळापत्रकावर चालणारा वर्ग

दसरा उलटला की पाथर्डी, जामखेड, शेवगावची आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातली कितीतरी गावे ओस पडू लागतात. ऊसतोडीसाठी मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडायची असते. ट्रकमध्ये भांडीकुंडी, पाण्याचे ड्रम, सरपण, शेळ्या चढतात आणि त्यांच्याबरोबर शाळेत नाव असलेली मुलेही चढतात. गळीत हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. पहिले सत्र पदरात पडलेल्या मुलाचे दुसरे सत्र उसाच्या फडात जाते.

अहिल्यानगर जिल्ह्यात या स्थलांतराची दोन्ही टोके सापडतात. दक्षिणेकडचे कोरडवाहू तालुके मजूर पाठवतात आणि उत्तरेकडचा प्रवरा-गोदावरीच्या पाटपाण्याचा पट्टा त्यांना कामाला लावतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. पुढे कारखान्यांच्या आवारात दवाखाने, महाविद्यालये, वसतिगृहे आली. हे वैभव ज्यांच्या कोयत्यावर उभे राहिले, त्यांच्या मुलांच्या शाळेचा विचार मात्र फार उशिरा सुरू झाला.

त्या विचारातून साखरशाळा आली. कारखान्याच्या तळावर, मजुरांच्या कोप्यांच्या म्हणजे झोपड्यांच्या ओळींलगत भरणारी ही हंगामी शाळा. २००० नंतरच्या दशकात ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी ती अनेक कारखान्यांपर्यंत नेली. पत्र्याची शेड, एक फळा, खाली पसरलेली सतरंजी, एवढ्यावर वर्ग सुरू होई. मुलांनी शाळेच्या सोयीने वागावे, हा नेहमीचा हट्ट या शाळेने सोडला. बॉयलर पेटला की ती सुरू होई आणि हंगाम संपून पट्टा पडला की बंद.

आईबाप पहाटेच्या अंधारात फडावर निघतात. मागे राहते ती नऊ-दहा वर्षांची थोरली मुलगी. पाणी भरायचे, शेळी सोडायची, धाकट्याला सांभाळायचे, हे सगळे तिच्याच अंगावर. ‘बाळ घेऊन वर्गात यायचे नाही’ असा नियम केला, तर त्याच दिवशी तिची शाळा संपते. म्हणून साखरशाळेत कडेवरचे भावंडही चाले. ते पाटीवर रेघोट्या ओढी आणि ताई गणित सोडवी. सर्वांगीण शिक्षण असा शब्द परिपत्रकांत येतो. इथे त्याचा अर्थ रोकडा होता. मुलीला शिकवायचे, तर आधी तिच्या कडेवरचा भार मोजायचा.

तळावर माणसेही अनेक परींची. बीड-पाथर्डीकडची मराठी बोलणारे वंजारी, दलित, मराठा, घरात गोरमाटी बोलणारे बंजारा, खानदेशातून आलेले भिल्ल. एकाच सतरंजीवर तिसरीतला मुलगा अक्षरे जुळवत असे आणि पहिलीतली मुलगी धडाधड वाचत असे. इयत्तेचा आधार शिक्षकाला फारसा नव्हता. मुलाला काय येते, इथूनच सुरुवात करावी लागे. वजनकाट्याची पावती इथे पाठ्यपुस्तकाइतकीच कामाची. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, दोहोंतून निघालेला ऊस. ही वजाबाकी ज्या मुलाला जमते, तो बापाच्या उचलीतून किती फिटले हे मुकादमाला विचारू शकतो.

मग कायदा बदलला. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. स्थलांतरित मुलांना शाळेत दाखल करून घेण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर आली. वेगळ्या तात्पुरत्या शाळेपेक्षा जवळच्या नियमित शाळेत ही मुले बसावीत, हा विचार न्यायाचाच होता. मुलाची इयत्ता आणि प्रगती सोबत जावी म्हणून शिक्षण हमी पत्रकही आले. पण तळ गावाबाहेर, रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला आणि नोव्हेंबरात वर्गात शिरलेले मूल सगळ्यांना परके. साखरशाळा मागे पडली आणि तिने दारात आणलेली शाळा पुन्हा लांब गेली.

तिसरी वाट गावातच थांबण्याची. हंगामी वसतिगृहांच्या योजनेत मुले आजी-आजोबांच्या गावी राहून शिकतात. २०२१ मध्ये सरकारने याच मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनेला मंजुरी दिली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे, आणि पहिल्या टप्प्यात पाथर्डी व जामखेडही होते. मोठ्या मुलांना, विशेषतः मुलींना, हा मोठा आधार आहे. सहा वर्षांच्या मुलाला मात्र सहा महिने आईविना ठेवणे जड जाते.

तिन्ही सोयींनी मुलाचा एकेक भाग सांभाळला. साखरशाळेने घर सांभाळले, नियमित शाळेने बरोबरीचा हक्क, वसतिगृहाने अभ्यासाचे सातत्य. यातली एकच निवडायची सक्ती का? मोठ्यांना वसतिगृह, लहानांना तळावर बालवाडी आणि मधल्यांना नियमित शाळेपर्यंत गाडी, एवढे जमण्यासारखे आहे. कुठल्या मुकादमाच्या टोळीत किती कोयते, म्हणजे तोडणीच्या जोड्या, येणार, याचे करार हंगामाआधीच झालेले असतात. त्याच कागदावर मुलांची नावे, इयत्ता आणि घरची बोली लिहून घ्यावी आणि बॉयलर पेटण्याआधी ती यादी जवळच्या मुख्याध्यापकांच्या हाती द्यावी. उसाच्या टनांचा अंदाज बांधणाऱ्या जिल्ह्याला हा हिशेब अवघड नाही.